बेरीज नऊ

एमजी म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना हेक्टर आठवेल, नाहीतर कुठल्याही फटीत पार्क होणारी ती इवलीशी कॉमेट. ही दोन अक्षरं मुळात 'मॉरिस गॅराजेस'ची. विल्यम मॉरिस हा सायकली दुरुस्त करणारा माणूस. त्यानं ऑक्सफर्डमध्ये मोटारींचा धंदा उभा केला आणि त्याच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचं नाव होतं मॉरिस गॅराजेस. १९२० च्या दशकात तिथल्या सेसिल किंबर या मॅनेजरनं साध्यासुध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली आणि एमजी जन्माला आली. म्हणजे जगभरातल्या लोकांनी जिच्यावर जीव टाकला, त्या स्पोर्ट्स गाडीचं नाव हे चक्क एका गॅरेजचं नाव आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण मी गॅरेजवाल्याची मुलगी.

अण्णांचं गॅरेज मिरजेत, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातल्या खेड्यांतून पेशंट घेऊन येणाऱ्या अँबॅसिडर टॅक्सी दिवसभर दवाखान्यांसमोर उभ्या असायच्या आणि त्यातली एखादी रोज अण्णांच्या दारात बॉनेट उघडून बसलेली असायची. मी शाळेतून येताना डबा द्यायचे आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचे. गॅरेजवर मुलींनी थांबायचं नाही, हा नियम होता. दादाला मात्र सुट्टीत बॅटरी धरायला उभं केलं जायचं. त्याला त्या वासाचाच तिटकारा होता. तो आता पुण्यात बँकेत आहे.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहते आणि एका वाहन कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. चार वर्षांपूर्वी मी १९७० सालची एक एमजीबी विकत घेतली. दोन सीटांची, पांढरी, कापडी टपाची. फोटो पाठवल्यावर अण्णांचा फोन आला. अभिनंदन नाही, किंमत नाही. म्हणाले, "आम्ही हात काळे केले ते तुमचे पांढरे ऱ्हावेत म्हणून. आणि तू पैसे देऊन काळे करून घेणार?"

त्यानंतर चार महिने त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. मी काढला की फोन आईकडं जायचा.

*

एमजीबी ही काही श्रीमंतांची गाडी नव्हे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनली. टप असलेल्या जीटीसकट पाच लाखांवर गाड्या, त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. सिड एनेव्हर या इंजिनिअरच्या हाताखाली ती घडली. त्यानं मुद्दाम घरगुती गाड्यांचे भाग वापरले, म्हणजे किंमत आवाक्यात राहील. म्हणून आजही तिच्या मालकांमध्ये मला निवृत्त शिक्षक भेटतात, प्लंबर भेटतात, एक पोस्टमन भेटला. सुटे भाग जवळजवळ सगळे नवे मिळतात. इतके, की १९८८ पासून जुन्याच साच्यांवर दाबून काढलेलं अख्खं नवं कवचसुद्धा मिळतं.

पण मी ती घेतली ती बॉनेटखालच्या गोष्टीमुळं.

बीएमसी या कंपनीचं 'बी सिरीज' नावाचं एक इंजिन होतं. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचं, जड आणि सोशिक. त्याची १४८९ सीसीची आवृत्ती १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होती, मॉरिस ऑक्सफर्ड या घरगुती गाडीतही होती. त्या मॉरिस ऑक्सफर्डचे साचे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला आले आणि तिची अँबॅसिडर झाली. पुढं तेच १४८९ सीसीचं इंजिन अँबॅसिडरमध्ये कित्येक वर्षं बसत राहिलं. एमजीबीत त्याच घराण्यातलं, वाढवून १७९८ सीसी केलेलं इंजिन आहे. एकाला दोन कार्ब्युरेटर आणि समोर मोकळा रस्ता मिळाला, दुसऱ्याला मागं पाच माणसं, पुढं तीन, डिकीत धान्याचं पोतं आणि म्हैसाळचा रस्ता. रक्त एकच.

इंटरनेटवर एमजीबीचं उघडं बॉनेट पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. टप्पेटचं पत्र्याचं झाकण, त्यावरचे दोन नट, बाजूला डेल्को. अण्णांच्या उंबऱ्यावरून लांबून बघितलेलं सगळं. गाडी मी त्या रात्रीच शोधायला लागले.

*

लिंकनशायरमधल्या एका खेड्यात ती मिळाली. विकणारे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकतीस वर्षं गाडी त्यांच्याकडं होती. विकण्याचं कारण एकच, गाडी इतकी बसकी की त्यांचा खुबा त्यांना आत बसू देईना आणि बसलेच तर बाहेर येऊ देईना. त्यांनी मला चहा दिला आणि एक जाड फाइल हातात ठेवली. एकतीस वर्षांच्या सगळ्या पावत्या, पेट्रोलच्या नोंदींसकट.

मी खिशात मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गेले होते. जुनी गाडी बघायची ही इथली साधी रीत आहे. चुंबक चिकटलं तर पत्रा, घसरून पडलं तर आत लांबी भरलेली. दरवाजाखालच्या पट्टीवर ते तीन ठिकाणी पडलं. आजोबा खाली न बघता म्हणाले, "हो, तिथं थोडं काम आहे." इंग्लिश माणूस 'थोडं' म्हणतो तेव्हा तिप्पट धरायचं, हे मला तोवर कळलेलं होतं. तीन हजार चारशे पौंडांवर सौदा झाला आणि गाडी ट्रेलरवर चढवून घरी आणली.

गंजाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथल्या जुन्या गाडीची निम्मी गोष्ट गंजाचीच असते. आपल्याकडं, निदान मिरजेसारख्या कोरड्या गावात, गाडी गंजून मरत नाही, घासून मरते. इंजिन झिजतं, गिअर झिजतात, स्टेअरिंग ढिलं होतं, तरी बॉडी उभी असते. इंग्लंडमध्ये उलटं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खनिज मीठ पसरतात. ते चेशायरमधल्या विन्सफर्डसारख्या खाणींतून येतं. ते मीठ ओलं होऊन गाडीच्या पोटात जातं आणि तिथंच राहतं. इंजिन अजून लाख मैल धावेल अशा अवस्थेत असताना पत्र्याची चाळण झालेली असते.

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यातून वर टप नाही, म्हणजे गाडीला ताठ ठेवायचं काम मुख्यतः दोन्ही दरवाजांखालच्या पेट्यांवर येतं. इंग्रजीत त्यांना 'सिल' म्हणतात. बाहेरून एक पत्र्याची पट्टी दिसते, पण आत तीन थर असतात आणि मध्ये पोकळी. पोकळीत पाणी साठतं आणि पेटी आतून बाहेर कुजत येते. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं. ती पेटी गेली की गाडी मधोमध वाकायला लागते. ओळखायची खूण सोपी आहे. जॅक लावून गाडी उचला आणि दरवाजा उघडून बघा. चौकट आवळली जाऊन दरवाजा अडला, तर पाठीचा कणा गेलाय.

माझ्या गाडीचा उजवा दरवाजा अडला.

ग्राइंडरनं पट्टी कापली तर आत दुसरी पट्टी निघाली. तिच्या आत तिसरी, मूळची, बोटानं दाबली तरी पापडासारखी मोडणारी. मधल्या जागेत लांबी, फायबरचं कापड आणि एका ठिकाणी चुरगळलेलं वर्तमानपत्र. कुणीतरी कधीतरी तपासणीपुरती गाडी उभी केली होती. तो कामगार आळशी होता असं मला वाटलं नाही. गिऱ्हाइकाकडं तेवढेच पैसे असणार. अण्णांनीही अशी कामं केलेली मला माहीत आहेत. टॅक्सीवाल्याला संध्याकाळच्या खेपेला गाडी हवी असायची.

पुढचे सात महिने मी त्या दोन पेट्यांत घालवले. जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग असतो, तिथं नाव घातलं. सतरा-अठरा वर्षांची पोरं आणि मी. शिकवणारे म्हणाले, टाका नीट बसत असेल तर बेकन तळल्यासारखा आवाज येतो. मी तो मनातल्या मनात कांदाभज्यांवर आणला आणि मग जमायला लागलं. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड करून घ्यायच्या, नाहीतर पेटी कापताच गाडी दुमडेल. एका वेळी एकच बाजू. गाडी योग्य जागी टेकवलेली हवी. नवा पत्रा कायमचा जोडण्याआधी दरवाजा लावून फट बघायची, परत बघायची, परत बघायची. कारखान्यात जिथं यंत्रानं बिंदू-बिंदूचे टाके मारले होते तिथं मी नव्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डनं भरली. सगळं झाल्यावर पोकळीत मेणासारखं द्रावण फवारलं आणि झाकून टाकलं.

आता हे काम कुणालाच दिसत नाही. गाडीचं कौतुक करणारे लोक रंगाचं कौतुक करतात, आणि रंग मी करून घेतलेला आहे.

*

इंग्लंडमध्ये गाडी दुरुस्त करणं हा छंद आहे. लोकांच्या घरामागं शेड असते, शेडमध्ये रेडिओ, किटली, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने. निवृत्त माणूस सकाळी शेडमध्ये जातो आणि दुपारी समाधानानं बाहेर येतो. सरकारही मदत करतं. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर नाही आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. आपल्याकडं २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आले. पण मिरजेच्या टॅक्सी त्या वयापर्यंत पोचल्याच नाहीत. त्या भंगारात गेल्या.

शेडमध्ये काम करताना मी हातमोजे घालते. गुडघ्याखाली मऊ पॅड असतो. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. दमले की थांबते, कारण गाडी माझीच आहे आणि सोमवारी पगार दुसऱ्याच कामाचा येणार आहे. अण्णा उकिडवे बसून काम करायचे, उन्हात, डांबरावर. हात पेट्रोलनं धुवायचे, मग निरम्यानं. त्यांच्या बोटांच्या भेगा पावसाळ्यातही भरायच्या नाहीत. घरी आले की पाठ भिंतीला लावून बसायचे आणि आई पाणी आणून द्यायची तो तांब्या दोन्ही हातांनी धरायचे.

मागच्या ब्रेकचे ड्रम उघडण्याआधी मी माहिती वाचत होते, तर प्रत्येक ठिकाणी एकच ठळक सूचना. ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. मला अण्णा आठवले. ड्रम उघडायचा, तोंड जवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि जोरात फूऽऽ. मग खोकायचे, मग हसायचे. मी लांबून बघितलेलं ते दृश्य मला मजेचं वाटायचं.

पुढं कधीतरी मी त्यांना हे सांगितलं. म्हणाले, "आम्हाला कुठं म्हाईत होतं." मग थोड्या वेळानं, "आणि म्हाईत असतं तरी फुंकलीच असती. गिऱ्हाईक उभं असायचं."

तेव्हा त्यांचं ते पहिलं वाक्य मला नीट कळलं. मी त्यांचं काम करत नव्हते. मी त्यांच्या कामातून गिऱ्हाईक, ऊन, धूळ आणि उधारी वजा करून जे उरतं ते करत होते. हात तोच, पाना तोच, पण त्यांच्या आयुष्यात ते उरलेलं कधी सुटं करून कुणी त्यांना दिलंच नव्हतं.

*

गॅरेज २००९ मध्ये बंद झालं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. गाड्या बदलल्या होत्या. मारुती आल्यापासूनच इंचाचे पाने मागं पडून मिलिमीटरचे आले, तिथवर अण्णांनी निभावलं. नवा सेट घेतला. पण मग कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायला लागला आणि तो का लागलाय हे लॅपटॉप जोडल्याशिवाय कळेना. लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडं. अण्णा म्हणायचे, पूर्वी गाडी बोलायची, आता ती फक्त मालकाशी बोलते आणि मालक म्हणजे कंपनी.

हे नुसतं म्हाताऱ्या मिस्त्रीचं रडगाणं नव्हतं. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला, तो याचसाठी. सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच वर्षी उत्तरपाड्यात अँबॅसिडर बनणं थांबलं. अण्णांना दोन्ही बातम्यांचा तेव्हा काही उपयोग नव्हता. त्यांचं शटर पाच वर्षांपूर्वीच खाली आलेलं.

आणि मी काय काम करते? गाडीतले छोटे संगणक एकमेकांशी जे बोलतात, त्यातला बिघाड ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिते. कुठल्या उपकरणाला गाडीनं उत्तर द्यावं आणि कुठल्याला देऊ नये, हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी आहे. त्यामागं खरी कारणं आहेत. चोर लॅपटॉप जोडून गाडी दोन मिनिटांत पळवतात. ब्रेकच्या संगणकात कुणीही बोट घालू नये, हेही खरं. पण कुलूप चोराला बघून लागत नाही, ते सगळ्यांनाच लागतं. मिरजेतल्या उंबऱ्यावर मला आत येऊ दिलं नव्हतं. आता उंबरा माझ्या हातात आहे आणि बाहेर अण्णांसारखी माणसं उभी आहेत.

एमजीबीच्या संगतीत हे रोज जाणवायचं. त्या गाडीत काहीच लपलेलं नाही. इंडिकेटर लागत नाही, तर वायर धरून मागं मागं जायचं, शेवटी बॉडीला जिथं अर्थिंग जोडलंय तिथला स्क्रू गंजलेला सापडतो, तो घासायचा, इंडिकेटर लागतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण बघायचं असेल तर एसयू कार्ब्युरेटरच्या पोटाखाली एक छोटी पिन असते. ती बोटानं किंचित वर करायची. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, बंद पडायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. ज्यानं ही पिन बसवली, त्यानं समोर एक बोट आणि एक कान असणार, हे गृहीत धरलं होतं. माझ्या ऑफिसात आम्ही समोर कुणीच नसणार हे गृहीत धरतो.

*

बर्फ फुटला तो टप्पेटमुळं.

महिन्यातून एकदा एका पबमध्ये जुन्या एमजीवाल्यांची बैठक असते. तिथं एका निवृत्त फिटरनं मला टप्पेट सेट करायची युक्ती सांगितली. आठ वॉल्व्ह, एक ते आठ नंबर. जो वॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा नंबर नवातून वजा करायचा, जो आकडा येईल त्या वॉल्व्हची फट फिलर गेजनं बघायची. 'रूल ऑफ नाइन', तो ऐटीत म्हणाला.

घरी येऊन मी आईला फोन केला आणि मागं अण्णा ऐकत असतील अशा बेतानं मोठ्यानं सांगितलं, आज एका गोऱ्या म्हाताऱ्यानं मला टप्पेट शिकवले. पलीकडं शांतता. मग लांबून आवाज आला, "आठ उघडा तर एक. सात उघडा तर दोन. बेरीज नऊ. त्यात काय शिकवायचंय."

फोन हातात आला. "फट किती ठेवलीस?"

सांगितलं.

"गार इंजिनवर का गरम?"

सांगितलं.

"आवाज ऐकव."

इथं तंत्रज्ञान आडवं आलं. व्हिडिओ कॉलवर मागचा गोंगाट आपोआप गाळला जातो, आणि अॅपच्या मते इंजिन म्हणजे गोंगाट. अण्णांना फक्त माझा आवाज जायचा, गाडी मुकी. शेवटी मी बॉनेटवर फोन ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं. "टप्पेट ठीक हाय. जरा वाजतोय तेवढा वाजू दे. गप्प टप्पेट म्हंजे जळका वॉल्व्ह. पण तुझे दोन कार्बोरेटर एकमेकांशी बोलत न्हाईत."

ते बरोबर होतं.

त्यानंतर फोन रोज व्हायला लागले. एकदा त्यांनी विचारलं, तिकडं मिस्त्री तासाला किती घेतो? जुन्या एमजीचं काम करणारा माझ्या ओळखीचा एक जण सत्तर पौंड घेतो. अण्णांनी हिशेब केला. "सात हजार? एका तासाला?" मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. "हाफ इंजिन कामाला आठ दिवस झिजून मी एवढे घेतले न्हाईत कधी."

मी हत्यारांबद्दल विचारलं. इंचाचे सगळे पाने त्यांनी गॅरेज बंद करताना भंगारवाल्याला घातले होते, किलोवर. मी तसलाच शेफिल्डचा सेट इथल्या जुन्या सामानाच्या बाजारात बारा पौंडांना घेतला होता. अर्धा, नऊ-सोळा, सात-सोळा. एका पान्यावर कुणीतरी खिळ्यानं आपली आद्याक्षरं कोरलेली आहेत. त्याचा फोटो मी अण्णांना पाठवला नाही. मग दोन दिवसांनी पाठवला. त्यांनी लिहिलं, "चांगला माल हाय. जपून वापर."

*

मागच्या उन्हाळ्यात आई-अण्णा सहा आठवडे आले. दोन दिवस अण्णांनी गाडीला हात लावला नाही. सकाळी चहा घेऊन शेडच्या दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी वाकून दरवाजाखालच्या पट्टीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. पुढून मागपर्यंत, दोन्ही बाजू. भरीव पत्र्याचा आवाज आणि लांबीचा आवाज वेगळा असतो. सरळ होत म्हणाले, "कुठं लांबी न्हाई."

एवढंच. पण रंगाच्या आतलं बघणारा तो पहिला माणूस होता.

कार्ब्युरेटर जुळवताना त्यांनी पाना माझ्याकडंच दिला. "तू कर, मी ऐकतो." रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं त्यांच्या डाव्या कानाशी. उजव्या कानानं आता कमी ऐकू येतं. एकाचा फुसकारा ऐकायचा, मग दुसऱ्याचा, दोन्ही सारखे होईपर्यंत. "आणि एक आटा. अर्धा. थांब. बास." मग नळी माझ्या कानाला लावली. मिरजेच्या गॅरेजमध्ये मला जे कधी मिळालं नाही ते मला बावन्नाव्या अक्षांशापलीकडं, भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये मिळालं, आणि तेही त्यांचं सगळं संपून गेल्यावर. याचा आनंद मानावा की राग, हे मी अजून ठरवलेलं नाही. दोन्ही असतात.

गाडी दोघांचीच. पहिली फेरी कुणाची, तर अण्णा म्हणाले, आईला ने. आई पदर खोचून आत उतरली, कारण त्या गाडीत बसत नाहीत, उतरतात. आमच्या दारात वर्षानुवर्षं अँबॅसिडर उभ्या राहिल्या, पण त्या गिऱ्हाइकाच्या. आई त्यातल्या एकीतही कधी बसली नव्हती. शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर तिनं टपाच्या कडेला घट्ट धरलं आणि तासाला साठ किलोमीटरला ओरडली, "अगं हळू, रस्ता ढुंगणाला लागतोय!"

परत आल्यावर अण्णांनी बॉनेट उघडून हात फिरवला, कुठं तेल गळतंय का बघितलं. गळत होतं, थोडंसं. बी सिरीज आहे, गळणारच. मग आपला निकाल दिला. "काम नीट केलंयस. पर एवढा येळ लावलास तर गिऱ्हाईक पळून जाईल."

*

ते गेल्यावर मला त्यांचे व्हॉइस मेसेज यायला लागले. मी मागितले नव्हते. दुपारची झोप झाली की ते बोलत असावेत, मागं कुकरची शिट्टी असते. हेड गॅस्केट उडाली हे पाण्यावरून कसं ओळखायचं. घाटात इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण किती वेळानं उघडायचं. पॉइंटमधली फट मोजायला गेज नसेल तर काय करायचं. आजवर एक्केचाळीस झालेत. मराठीत या इंजिनाबद्दल एवढं सविस्तर मी कुठं वाचलेलं नाही. मी ते एकेक करून लिहून काढतेय आणि जमेल तसं इंग्रजीत उतरवतेय. इथल्या पबमधल्या मंडळींना त्यातलं थोडं वाचून दाखवलं, तर त्या निवृत्त फिटरनं वही काढून दोन गोष्टी उतरवून घेतल्या.

ऑफिसात मी कुलपं लिहायचं काम सोडलेलं नाही. घराचा हप्ता त्यावर चालतो. फक्त प्रत्येक नव्या आराखड्याच्या बैठकीत मी आता एक प्रश्न लेखी नोंदवायला लावते. कंपनीबाहेरच्या माणसाला हा बिघाड कसा कळेल? कधी उत्तर मिळतं, बऱ्याचदा पुढच्या बैठकीवर जातं. पण प्रश्न कागदावर राहतो.

अण्णांना मी सांगितलं की तुमचे मेसेज इथल्या क्लबच्या अंकात छापायचं म्हणतायत.

"पैसे देतील?"

"नाही."

"मग कशाला?" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीन मेसेज आले. पहिला सात मिनिटांचा, क्लचवर.